शपथपत्रातली पाचवी जागा

५ ऑगस्ट, मंगळवार

बिलासपूरहून आत्ताच आलो. जाताना गाडी, येताना बस. पाय सुजलेत. केस बोर्डावर बरीच खाली होती, लागली जेवणाच्या सुट्टीनंतर. एकोणीस अर्जदार, पण गेलो आम्ही चौघंच. आमच्याच शहरातल्या गुढियारीच्या मालधक्क्यावरचा हमाल दुकालू, मुरमुरे विकणारी रामबाई, तिला हाताला धरून आणणारी तिची सून, आणि मी. मी अर्जदार नाही. अर्जदार क्र. १ चा नवरा.

कुं. आली नाही. (या वहीत ती कुं.च. पूर्ण नाव कुंदा वासुदेव बोकडे फक्त कोर्टाच्या कागदावर.) म्हणाली, "मले तिथं जाऊन काय दिसनार हाय?"

दवाखान्याच्या वकिलाने एक तक्ता करून आणला होता. न्यायमूर्तींकडे दिला, एक प्रत आमच्या तिवारी वकिलाला. मग शांतपणे म्हणाला, एकोणीसही शपथपत्रांचा परिच्छेद सात शब्दाशब्दाने एक आहे. सगळ्यांचा डावा डोळा गेला असं लिहिलंय. दवाखान्याच्या कागदांप्रमाणे अकरा जणांचा उजवा आहे.

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि तिवारीला विचारलं, "इन लोगों को ये पढ़कर किसने सुनाया था?"

तिवारी फाइल चाळत राहिला. मी वर पंख्याकडे बघत राहिलो.

बसमध्ये दुकालूने विचारलं, "ओ वकील का कहत रिहिस, बाबू?" म्हटलं, काही नाही, तारखेवरून बोलत होते. तो हव, म्हणजे बरं, म्हणाला आणि झोपला.

६ ऑगस्ट

सरळ लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

चौतीस वर्षं कचेरीबाहेर बसून टाइप केलं. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. शपथपत्राचा नमुना ठरलेला असतो. त्यात चार जागा बदलायच्या. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, पत्ता. चार जागा बदलल्या की माणूस बदलला. नव्या पोरांना मी हेच शिकवायचो, "चार जागा बघ, बाकी डोळे मिटून चालू दे." काय पण शब्द निवडले होते.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मोतीबिंदूचं शिबिर झालं. एकाच सकाळी, एकाच टेबलावर, एकाच बाटलीतल्या औषधाने एकोणीस जणांचे डोळे धुतले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना पू. कुं.चा डावा काढावाच लागला. आपण सगळे मिळून हायकोर्टात जाऊ, हे मीच सुचवलं. एकट्यादुकट्याला कोण विचारतं. तिवारी तयार झाला. शनिवारी त्याचा फोन आला, काका, सोमवारपर्यंत सगळ्यांचे शपथपत्र पाहिजेत.

कुं.चं पहिलं टाइप केलं. त्यात लिहिलं, बायीं आँख. खरंच होतं ते. मग त्याचंच बाकी अठरांचं केलं. चार जागा बदलल्या. डोळा ही पाचवी जागा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एका दुपारीत अठरा. त्या दिवशी चहालाही उठलो नाही आणि मला त्याचा अभिमान वाटला होता, ही खरी शरमेची गोष्ट.

सगळे आमच्या व्हरांड्यात आले. काहींच्या डोळ्यांवर अजून पट्टी होती. मी शाईचं पॅड पुढे करायचो, ते अंगठा पुढे करायचे. प्रत्येकाच्या खाली छापलेलं होतं, "पढ़कर सुनाया गया, सुनकर सही होना स्वीकार किया।" ही ओळ मी आयुष्यात हजारो वेळा टाइप केली. एकदाही कोणाला वाचून दाखवलं नाही. कचेरीत कोणीच दाखवत नाही. नोटरीने सगळ्यांवर एका दमात शिक्के मारले, त्यानेही विचारलं नाही.

आणि ज्यांना दिसत नाही त्यांनाच वाचून दाखवायला हवं, एवढं साधं मला कळू नये?

७ ऑगस्ट

एक राहिलं लिहायचं. कुं.ला सही येते. वीस वर्षं बालवाडी शिकवली तिने, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. त्या दिवशी पेन घेऊन बसली, पण एका डोळ्याने ओळ सापडेना, पेन कागदाच्या अलीकडेच हवेत टेकत होतं. मागे माणसं थांबलेली. मी म्हटलं, "अंगठाच लाव ना, काय फरक पडते."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग लावला.

९ ऑगस्ट

तिवारीकडे गेलो. दोन टेबलांच्या त्याच्या ऑफिसात शिकाऊ पोराटोरांचीच गर्दी. पस्तिशीचा असेल, मला काका म्हणतो. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "काका, हम एक रूलिंग दिखाएँगे, वो दूसरी दिखाएँगे." एका हायकोर्टाने अलीकडे म्हटलंय, कारण एक असेल तर सगळे एका अर्जात येऊ शकतात. दुसऱ्या एका हायकोर्टाने म्हटलंय, कारण एक असलं तरी प्रत्येकाचं नुकसान वेगळं, ते वेगळं सिद्ध करा. आपण पहिल्यावर उभे होतो. बाटली एक, टेबल एक, सकाळ एक. "लेकिन जब हमारे ही कागज़ में आदमी अलग नहीं दिख रहा, तो जज क्या करे?"

निघताना हळूच म्हणाला, "किसी को बोलिएगा मत अभी. ऑर्डर आने दीजिए."

नाही बोललो. सांगितलं नसतं तरी बोललो नसतो. भित्रा आहे मी.

१४ ऑगस्ट

कुं.चं आजकाल काहीतरी बिनसलंय. जेवताना मी बोलतो तर उत्तर नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला तर दचकते. आज म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे, तर एकदम इकडेतिकडे बघायला लागली. कानाच्या डॉक्टरला दाखवायला हवं. की तिला कळलंय? कसं कळेल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

निकाल लागला. अर्ज निकाली. फेटाळला असं म्हणत नाहीत, निकाली म्हणतात. तिवारीने मोबाइलवर पाठवला. इंग्रजीत अकरा पानं. त्यातलं इंग्रजी मला सगळं कळतं, तेवढ्यावरच तर पोट भरलं आयुष्यभर.

पान सातवर, परिच्छेद चौदा. शपथपत्रं यांत्रिकपणे तयार केलेली. शपथ घेणाऱ्यांना त्यातला मजकूर माहीत होता असं दिसत नाही. प्रत्येकाची दुखापत, उपचार आणि नुकसान वेगळं. अशा अर्जात सर्वांना एकत्र दाद देता येणार नाही. ज्याने त्याने आपापल्या योग्य मंचापुढे स्वतंत्रपणे जावं. मुदतीचा मुद्दा तिथे मांडण्याची मुभा.

तीनदा वाचलं. वाईट याचं की चूक काढता येत नाही. निकाल अन्यायाचा असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

एकोणीस जणांचं एक दुःख मी बांधून दिलं होतं. ते सुटलं आणि सगळे परत एकेकटे झाले, शिवाय आता उशीर झालाय.

२१ ऑगस्ट

कुं. म्हणाली, निकाल वाचून दाखवा. ती खाटेवर, मी नेहमीसारखा शेजारी. इंग्रजीचं मराठी करत करत वाचलं. पानं छापून आणली होती. सहाव्या पानावरून एकदम आठव्यावर गेलो.

वाचून झाल्यावर तिने तांदळाचं सूप पुढे ओढलं. मग म्हणाली, "एक पान पलटवलं तुमी, वाचलं नाई."

म्हटलं, त्यात नुसते जुने दाखले होते.

"बरं," म्हणाली आणि तांदूळ निवडायला घेतले. हाताने चाचपून निवडते आता.

२३ ऑगस्ट, पोळा

गुढियारीत गेलो होतो. पाऱ्यातली, म्हणजे त्या वस्तीतली, पोरं मातीचे बैल ओढत होती. दुकालू त्याच्या दाराशी बसला होता. मी येताना त्याने बघितलं आणि उठला नाही. एरवी खाट झटकून देतो.

त्याला कळलंय. तिवारीच्या मुन्शीकडून. तो आवाज न चढवता म्हणाला, "बाबू, मोर तो जेवनी आँखी गे हे." उजव्या पापणीवर बोट ठेवलं, आत काही नाही. मग डाव्यावर ठेवलं. "डेरी ले तो मैं तोला देखत हौं."

मी म्हटलं, चूक झाली दुकालू.

"अँगूठा तोर भरोसा मा लगाए रेहेंव."

 त्याच्या बायकोने बेसनाची ठेठरी दिली खायला, सणाचा दिवस म्हणून. घेतली. खाल्लीही. दुकालू आत निघून गेला.

३० ऑगस्ट

आमची मुलगी रूपाली आली बिलासपूरहून, महालक्ष्म्यांसाठी. बँकेत आहे. आल्या आल्या आईचे ड्रॉप्स तपासले, फ्रिज साफ केला, मला वजनावरून बोलली. सगळं हिंदीत. मराठी समजतं तिला पूर्ण, पण तोंडातून येत नाही. कुं. मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघींचं कधी अडत नाही.

३१ ऑगस्ट

महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडे मुखवटे पितळेचे, माझ्या आईचे. डोळ्यांत काजळ घालायचं काम कुं.चं. लग्न झाल्यापासून दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मागची दोन वर्षं काय झालं मी लक्षच दिलं नव्हतं, आज बघितलं.

ज्येष्ठेच्या डोळ्यात घातलं, ते गालावर गेलं. पुसलं. पुन्हा घातलं, नाकावर. बोट कुठे टेकेल याचा तिला अंदाजच येत नाही. रूपाली म्हणाली, "लाओ आई, मैं कर देती हूँ." कुं.ने काजळाची डबी दिली आणि स्वयंपाकघरात गेली. उद्याच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या तिने एकटीने निवडून चिरून ठेवल्या.

शपथपत्रात मी लिहिलं होतं, "गृहकार्य करने में पूर्णतः असमर्थ हूँ।" नमुन्यातलं वाक्य.

१ सप्टेंबर

दुपारी मी गोल बाजारात केळीची पानं आणि विड्याचं सामान आणायला गेलो. परत आलो तर दोघी खाटेवर. रूपालीच्या हातात निकालाची पानं. मी ती कपाटात वर, जुन्या कॅलेंडरांच्या खाली ठेवली होती. कुं.नेच तिला जागा सांगितली असणार. अडतीस वर्षांत मी काहीही लपवलं तरी तिथेच लपवलं.

रूपाली म्हणाली, "बाबा, पैरा चौदह आपने पढ़ा था ना?"

म्हटलं, हो.

"फिर आई को क्यों नहीं सुनाया?"

मी पिशवी खाली ठेवली. केळीची पानं भिजलेली होती, ती उभी करून ठेवली. कुं. म्हणाली, "पोट्टे, राहू दे आता. पाहुण्या जेवायच्या हायेत." महालक्ष्म्यांना ती पाहुण्या म्हणते.

सवाष्णी जेवल्या. आरती झाली. मी टाळ वाजवले. कोणाला काही कळलं नसेल.

३ सप्टेंबर

रूपाली गेली. स्टेशनवर म्हणाली, "गलती सबसे होती है बाबा. छुपाना क्यों?" मग गाडी सुटेपर्यंत माझा हात धरून उभी होती. तिच्यासमोर रडलो नाही. ऑटोत रडलो. ऑटोवाला तरुण होता, त्याने गाणं बंद केलं.

६ सप्टेंबर

कुं. बोलते माझ्याशी. दूध आलं, गॅस संपला, औषध घ्या. एवढंच. भांडत नाही. मी तिला म्हटलं, "बोल ना काही. शिव्या दे."

"काय बोलू? तुमाले माह्याकडून अंगठाच पायजे होता."

१२ सप्टेंबर

तिवारीकडे. आता ज्याचा त्याचा वेगळा दावा ग्राहक आयोगात. तिथली मुदत निघून गेलीये, म्हणून प्रत्येकाबरोबर उशीर माफ करण्याचा अर्ज. हायकोर्टात चुकीच्या दाराशी बसून होतो, तो वेळ धरू नका, अशी विनंती. मानतील, न मानतील.

"और काका, एक शपथपत्र आपका भी लगेगा. कि टाइपिंग की भूल आपकी थी, पीड़ितों की नहीं." मान खाली घालून म्हणाला.

चौतीस वर्षांत माझं स्वतःचं शपथपत्र कधीच टाइप केलं नव्हतं. घरी येऊन बसलो. "मैं, वासुदेव बोकडे, आयु छियासठ वर्ष" इथपर्यंत आलो. पुढचं येईना. याचा नमुनाच नाही माझ्याकडे.

१६ सप्टेंबर

फिरतोय घरोघर. अठरा घरं. आधी माफी, मग विचारणं, नवा दावा लावायचा का. नऊ तयार. तिघं विचार करून सांगतो म्हणाले, म्हणजे नाही. एक जण गावी. दोघांनी दार उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता. दुकालू भनपुरीला ट्रकवर कामाला जातोय म्हणे, भेटला नाही. एका डोळ्याने ट्रकवर चढून पोती उतरवतो.

एक देवाघरी गेला, जुलैत. मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या विधवेने शांतपणे विचारलं, "ओकर नाव अभी घलो चलत हे का कोर्ट मा?" म्हटलं, निकालाच्या कागदावर अजून आहे.

आता राहिली रामबाई.

१८ सप्टेंबर

रामबाईकडे. तिचा दुसरा डोळा आधीपासूनच अधू, आता त्यातूनही फक्त उजेड कळतो. सगळ्यांत पक्की केस तिची, तिवारी म्हणतो. मुरमुऱ्याची टोपली सुनेने घेतलीये. ती ओट्यावर बसून असते.

आज शपथपत्र लिहून घ्यायला गेलो होतो. नवं, तिचं, तिला विचारून लिहायचं. वही काढली. म्हटलं, रामबाई, काय काय होतं तुझं, सगळं सांग. सगळं लिहितो, मग परत वाचून दाखवतो.

"अब काबर बाबू? एक बेर तो अँगूठा लगा डारेंव."

तिला समजावलं, तो अंगठा वाया गेला, माझ्या चुकीने. ती बराच वेळ आपला अंगठा दुसऱ्या हाताने चोळत राहिली. मग म्हणाली, नाही लावायचा आता. मला राग नाही तुझ्यावर, पण मी आता कुठे येणार नाही. सून तिच्या मागे उभी राहून मला हाताने खुणावत होती, जा म्हणून.

ही माझ्यामुळे. बाकी कोणाचं काहीही होवो, ही माझ्यामुळे.

२८ सप्टेंबर

नऊपैकी सहांचं झालं. प्रत्येकाला दोन-तीन तास लागतात. आधी मी चार मिनिटांत करायचो. आता विचारतो, लिहितो, वाचतो, ते म्हणतात असं नाही, पुन्हा लिहितो. एक जण शिंपी होता, सुईत दोरा जात नाही. एकीला नातीच्या डोक्यातल्या उवा काढता येत नाहीत, याचंच सगळ्यात जास्त दुःख. एक जण अंधाराला नाही, उजेडाला घाबरतो. एकही दुसऱ्यासारखं निघालं नाही. कोर्टाने लिहिलं होतं तेच, आणि मला ते प्रत्येक घरी नव्याने कळतंय.

कुं.चं अजून केलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

६ ऑक्टोबर

दुकालू आज स्वतः आला. कामावरून सुटून, अंगावर सिमेंट. व्हरांड्यातच बसला. म्हणाला, पढ़.

त्याचं जुनं शपथपत्र आधी वाचून दाखवलं, कारण तेच हवं म्हणाला. पूर्ण. "बायीं आँख" आल्यावर थांबलो. तो म्हणाला, आगे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावलं, पढ़कर सुनाया गया पर्यंत. मग म्हणाला, अब बने लिख, म्हणजे आता नीट लिही.

दोन तास बसलो. जाताना कुं.ने चहा दिला, घेतला. माझ्याशी बोलला नाही, पण कुं.ला म्हणाला, "जात हौं दीदी." कागद माझ्याकडे ठेवून गेला. अंगठा अजून लावलेला नाही. घरी विचारून लावतो म्हणाला. ठीकच आहे.

११ ऑक्टोबर

मीच म्हटलं शेवटी. "कुंदा, तुझं राहिलं."

"मले वाटलं इसरले."

दुपारी बसलो. कॉम्प्युटर खिडकीजवळ, मी खुर्चीवर, ती शेजारी स्टुलावर. विचारलं, काय काय लिहू? म्हणाली, पहिल्यांदा हे लिहा, घरचं काम मी सगळं करते, पूर्ण असमर्थ नाही. टाइप केलं. काजळाचं सांगितलं. म्हटलं, शपथपत्रात महालक्ष्मी? "काहून नाई? शिंप्याची सुई चालते न?" तेही केलं. चहा कपाबाहेर सांडतो. पायरी उतरताना शेवटची पायरी कधी नसते, कधी दोनदा येते. रस्त्यावर डावीकडून गाडी येते ती आवाजावरून कळते. सही करता येत होती, करू दिली नाही. "हे लिहा. कोनी नाई करू दिली तेबी लिहा."

म्हटलं, माझं नाव लिहू?

"शपथपत्र हाय न. खरं लिहा."

लिहिलं.  मग विचारलं, अजून काही?

 मग समोर भिंतीकडे बघत म्हणाली, "तुमी माह्या डाव्या बाजूले बसता. जेवतानी, टीव्ही पाह्यतानी, खाटेवर. लग्नापासून. अडीच वर्सं झाले, तुमी बाजूले असता अन् मले दिसत नाई. एकदम कानाशी आवाज येते. मी दचकते, अन् तुमाले वाटते कुंदा बहिरी झाली."

 तांब्या आठवला. मीठ आठवलं. अडीच वर्षं मी रोज तिच्या शेजारी बसून तिच्यापुरता घरात नव्हतो, आणि कानाच्या डॉक्टरचा नंबर शोधत होतो.

"सांगितलं काहून नाही?"

"तुमी विचारलं का?"

मग म्हटलं, लिहू हे?

"नाई. हे कोर्टाचं नाई."

मी उठलो. खुर्ची पलीकडे न्यायला लागलो तर कॉम्प्युटरची वायर पुरेना, कीबोर्ड ओढला तर माऊस खाली पडला. ती म्हणाली, राहू द्या. नाही राहू दिलं. तिला उठवलं, स्टूल उचललं आणि माझ्या डावीकडे ठेवलं, म्हणजे मी तिच्या उजवीकडे आलो. ती बसली. मान न वळवता तिने माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. म्हणाली, "मायबाई, किती म्हातारे झाले तुमी."

मग पूर्ण वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून. दोन ठिकाणी तिने थांबवलं, दोन्ही ठिकाणी तिचं बरोबर होतं.

सहीला पेन दिलं. पॅड मी आधीच कपाटात ठेवून दिलं होतं. पहिल्यांदा टोक कागदाच्या वरच राहिलं. मग डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवून त्याच्या आधाराने पेन आणलं. कुंदा वासुदेव बोकडे. आडनाव ओळ सोडून खाली घसरलं आणि छापलेल्या "शपथकर्ता" वर चढलं. तिवारी म्हणेल, अंगठा चालला असता. वेळ बराच लागला. मी थांबलो होतो.

आयोगाची तारीख दिवाळीनंतरची मिळालीये. उशीर माफ करतील की नाही, तिवारीही सांगू शकत नाही. दुकालूचा कागद अजून टेबलावर आहे, अंगठ्याची जागा रिकामी.

माझं शपथपत्र बाकी आहे. कुं. म्हणाली, आता तुमचं लिहा, मी ऐकते. बसलीये इथेच, डावीकडे.